परवान्यावर मालक, कामावर मजूर

दुबईत शंभर टक्के स्वतःच्या मालकीची कंपनी काढा आणि कुटुंबासह तिथे राहण्याचा परवाना मिळवा, असे सांगणारे एजंट आता रेल्वे वसाहतींत आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या घरीही येऊ लागले आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2024 पासून 25 लाख रुपये झाली, हे आपल्या काही सभासदांना ठाऊक नसेल. या एजंटांना ते नक्की ठाऊक आहे.

योजनेत मुळात बेकायदा काही नाही, हे आधी सांगितले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत 1985 मध्ये जेबेल अली येथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. अशा क्षेत्रांत परदेशी माणसाला कंपनीची पूर्ण मालकी मिळते. क्षेत्राबाहेर मात्र 51 टक्के भाग स्थानिक नागरिकाच्या नावे असावा लागे. रत्नागिरी-खेडकडची जी मंडळी तिकडे दुकानदारीत होती, त्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे: नाव कफिलाचे, पैसा आणि कष्ट आपले, वर दरसाल कफिलाचा हप्ता. 2021 पासून बहुतेक व्यवसायांत ही अट उठली. कंपनीच्या भागीदाराला साधारणपणे दोन वर्षांचा रहिवास मिळतो. वीस लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्याला दहा वर्षांचा. उन्हात उभे राहून त्याच शहराच्या इमारती बांधणाऱ्या गवंड्याचा रहिवास मात्र नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली, दुसरी मिळाली नाही, की चंबूगबाळे आवरायचे.

आमचा प्रश्न या योजनेतून प्रत्यक्षात कोण जातो, हा आहे. खरा व्यापारी जात असेल तर त्याला आमच्या शुभेच्छा आहेत. पण आपल्या घरातला आयटीआय झालेला मुलगा 'कंपनीचा भागीदार' म्हणून जातो, तेव्हा ती कंपनी कागदावरच असते. तिथे उतरल्यावर पोट भरण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या गोदामात, नाही तर गाडीवर काम धरावे लागते. कोकणात ज्याला 'आझाद व्हिसा' म्हणत, त्याचीच ही नवी आवृत्ती समजा. तेव्हा निदान कफील तरी दुसरा असे. आता आपला कफील आपणच!

याचा अर्थ काय होतो ते पाहा. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार नोकरभरतीचा खर्च मालकाने सोसायचा, कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही आणि नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे, पुढच्या वर्षांसाठी 30 दिवसांचे मूळ वेतन द्यायचे. तिथे कामगार संघटना काढायला मुभा नाही, संप करता येत नाही. म्हणून ही कलमे तेवढाच आधार. भागीदार म्हणून गेलेला मुलगा कायद्याने कामगारच नसतो. करार नाही, बँकेतून पगार नाही, की निघताना पदरात पडणारी रक्कम नाही. गोदामवाल्याने तीन महिन्यांचा पगार बुडवला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? परवानगीशिवाय दुसऱ्याकडे काम केले, हा ठपका उलट त्याच्यावरच यायचा.

आणि कंपनी एकदा काढली की खर्च संपत नाही. परवाना मुदत संपताच पैसे भरून पुन्हा घ्यावा लागतो. 2023 पासून तिथे कंपनी कर आला. नफा दमडीचा नसला तरी नोंदणी करावीच लागते, आणि उशीर झाला तर दहा हजार दिरहम दंड. वडिलांनी भुसावळला बसून आपल्या नावे रहिवास ठेवायचा म्हटले, तर सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास साधा रहिवास रद्द होतो.

नोकरीत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेल्वे सेवा आचरण नियम 1966 आणि टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेले केंद्रीय नियम 1964, या दोन्हींतील नियम 15 प्रमाणे पूर्वपरवानगीवाचून व्यापार करता येत नाही. "पत्नीच्या नावे घ्या, काही होत नाही," असे एजंट सांगतो. कुटुंबातील कोणी व्यापारात असल्यास तेही कळवावेच लागते. शिवाय परदेशी कंपनीत घातलेला पैसा बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी आणि विहित अर्ज भरूनच गेला पाहिजे. हवालाने गेला तर परकीय चलन कायद्याखाली नोटीस सभासदाच्या घरी येईल, एजंटाच्या नव्हे.

नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटावर 1983 च्या उत्प्रवासन कायद्याचे बंधन घातले गेले: नोंदणी, अनामत रक्कम, आणि कामगाराकडून 30 हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क. कंपनी काढून देणारा म्हणतो, मी नोकरी देतच नाही, म्हणून त्याला यातले काहीच लागू नाही. परदेशी रहिवासाचे आमिष दाखवून पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला नोंदणीची आणि शुल्कमर्यादेची सक्ती करावी, ही मागणी केंद्र सरकारकडे लावून धरली पाहिजे. तोवर शाखा सचिवांनी निवृत्त होणाऱ्या सभासदांच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि कोणी अशा कागदावर सही करण्याच्या बेतात असेल तर परवान्यावर मुलाचे नाव कोणत्या हुद्द्याने लिहिले आहे, एवढे आधी वाचून दाखवावे.