खडकी अन् वेल्ह्याला एकच आकडा! बायांच्या अंगातलं रक्त कमी, पण नेमकं कुठं?

खडकी (पुणे) : दारूगोळा कारखाना, लष्कर, कॅन्टोन्मेंटचा दवाखाना, रेल्वे स्टेशन. खडकीत दुखलं-खुपलं तर डॉक्टर पायाशी. तिकडं वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवर बाळंतपणाला गाडी मिळाली तरी नशीब. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या कागदावर दोन्ही ठिकाणं 'पुणे जिल्हा' या एकाच रकान्यात बसतात.

ही पाहणी १९९२-९३ पासून होते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती बघते. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. चौथ्या पाहणीत तो ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या पोरांत तर ५३.८ वरून थेट ६८.९ टक्के! कोरोनावर ढकलायची सोय नाही, कारण राज्यातली मोजणी २०१९ मध्येच उरकली होती.

आता यातली मेख. रक्त बोटाला टोचून घेतात. बोट दाबलं की थेंबात अंगातलं पाणी मिसळतं अन् आकडा चुकू शकतो. २०१६-१८ च्या केंद्राच्या पोषण पाहणीत शिरेतून रक्त काढलं, तेव्हा देशातल्या १ ते ४ वर्षांच्या पोरांत रक्तक्षय ४१ टक्केच भरला. बोटाच्या रक्तावर देशाचा आकडा ६७ टक्के आहे. पुढं सहाव्या पाहणीतून ही तपासणीच वगळायचं ठरलं आणि शिरेच्या रक्ताची वेगळी पाहणी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडं गेली. पद्धत सुधारली हे बरंच झालं. पण चौथ्या अन् पाचव्या पाहणीत बोटच टोचलं होतं. मग वाढ कुठून आली? तराजू तोच असेल तर वजन वाढल्याचा दोष एकट्या तराजूला कसा देणार?

दुसरी गोष्ट घरांची. राज्यात ३१,६४३ घरं तपासली, म्हणजे जिल्ह्यामागं सरासरी ८८० च्या आसपास. पुणे जिल्ह्यात गावंच अठराशेच्या वर, अन् २०११ च्या जनगणनेत ६१ टक्के लोक शहरातले. त्यामुळं जिल्ह्याच्या सरासरीत शहराचं पारडं जड, अन् वेल्हे, भोर, जुन्नरच्या आदिवासी वाड्यांचं दुखणं त्यात विरघळून जातं. जिल्ह्याचा आकडा ठीक दिसला म्हणून तालुक्याचं ठीक आहे असं समजू नये. पाहणी खोटी नाही, ती तालुक्यासाठी केलेलीच नाही.

गोळ्यांचं बघा. गरोदरपणात लोहाच्या १८० गोळ्या खायच्या असतात. देशात तेवढ्या खाल्लेल्या आया २६ टक्के. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून डबा फळीवरच राहतो, हे घरोघरी माहीत आहे.

गावाचा आकडा मात्र गावातच आहे. प्रत्येक गरोदर बाईचं हिमोग्लोबिन उपकेंद्रातल्या नर्सबाईच्या रजिस्टरला लिहिलेलं असतं. ११ च्या खाली किती जणी, ७ च्या खाली किती, गोळ्यांचा साठा कधी संपला होता, हे नावं न घेता ग्राम आरोग्य व पोषण समितीच्या बैठकीत विचारता येतं. अशी समिती गावोगावी कागदावर आहेच. शेवटची बैठक कधी झाली, हा पहिला प्रश्न.