आकड्यामागची जमीन

अणुस्फोट झाला की नाही, हे सांगणे आपल्या शास्त्राला आता बऱ्यापैकी जमते. तो केवढा होता हे सांगताना खरी कसोटी लागते, आणि सरकारांना नेमका तोच आकडा हवा असतो.

१९७४ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघाने भूमिगत चाचण्यांवर १५० किलोटनांची मर्यादा मान्य केली. पुढे कित्येक वर्षे वॉशिंग्टनमधून आरोप होत राहिला की सोव्हिएत संघाच्या कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्क चाचणीक्षेत्रात ही मर्यादा मोडली जाते. पुरावा होता पी-लहरींवरून काढलेल्या तीव्रतेचा. गोम होती तीव्रतेवरून स्फोटशक्ती काढण्याच्या सूत्रात, कारण ते अमेरिकेच्या नेवाडातल्या स्फोटांवर बसवलेले होते. नेवाडाखालचे प्रावरण तापलेले, त्यात लहरी बऱ्याच शोषल्या जातात. कझाकस्तानातली जुनी, थंड जमीन त्या फारशा न घटवता पुढे धाडते. दोन्हींतला फरक तीव्रतेच्या मोजपट्टीवर साधारण ०.३ ते ०.४. ऐकायला किरकोळ, पण हे नाते लॉगॅरिथमी असल्याने स्फोटशक्तीचा अंदाज तेवढ्यानेच अडीच-तीनपट फुगतो. लिन साइक्स यांच्यासारख्या भूकंपशास्त्रज्ञांनी हे लावून धरले, सरकारी रोष पत्करून. १९८६ साली अमेरिकेतल्या एका बिगरसरकारी संस्थेने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार केला आणि कारकारालिन्स्कला भूकंपमापक बसले. १९८८ साली तर दोन्ही सरकारांनीच एकमेकांच्या चाचणीक्षेत्रावर जाऊन स्फोटाच्या अगदी जवळून मोजमापे घेतली.

हाच पेच आपल्या दारात आला ११ मे १९९८ रोजी. पोखरणला एकाच वेळी केलेल्या तीन स्फोटांची मिळून शक्ती सरकारने सुमारे ६० किलोटन सांगितली. बाहेरच्या अनेक भूकंपशास्त्रज्ञांचे अंदाज याच्या निम्म्याहूनही खाली होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्तर दिले: सुमारे किलोमीटरभर अंतरावरच्या दोन मोठ्या स्फोटांच्या लहरी एकमेकींत मिसळून काही दिशांना क्षीण झाल्या. युक्तिवाद तपासण्याजोगा आहे. १३ मे रोजी तिथेच केलेल्या दोन लहान स्फोटांची नोंद तर पाकिस्तानातल्या निलोरच्या केंद्रालाही मिळाली नाही. २००९ साली डीआरडीओचे माजी शास्त्रज्ञ के. संथानम यांनी औष्णिक-आण्विक स्फोट अपेक्षेइतका झाला नसल्याचे जाहीरपणे म्हटले आणि वाद पुन्हा पेटला. इतक्या वर्षांनंतरही आपण दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरच भांडतो, याची या संपादकाला खंत वाटते.

निकाल लावायचा तर लहरनोंदी हव्यात. साठच्या दशकात ब्रिटिश सहकार्याने उभा राहिलेला गौरीबिदनूरचा एल-आकाराचा भूकंपमापक-संच भाभा अणुसंशोधन केंद्राच्याच ताब्यात आहे. सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या ३३७ केंद्रांच्या जागतिक जाळ्यात मात्र भारतातले एकही केंद्र नाही. करारावर सही करायची की नाही, हा सरकारच्या धोरणाचा प्रश्न आहे. लहरनोंदी खुल्या करायला सहीची गरज नाही.

खुल्या नोंदींनी काय साधते, हे १९९७च्या ऑगस्टमध्ये दिसले. रशियाचे अणुचाचणीक्षेत्र असलेल्या नोवाया झेमल्याजवळ जमीन हादरली आणि रशियाने चोरून चाचणी केल्याचा संशय अमेरिकी सरकारी वर्तुळातून बाहेर आला. अनेक देशांतल्या केंद्रांच्या नोंदी विद्यापीठांतल्या संशोधकांच्या हाती होत्या. त्यांनी धक्क्याचे स्थान काढले, तर ते चाचणीक्षेत्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कारा समुद्राखाली निघाले. लहरीही भूकंपाच्या होत्या.

२०२३ साली रशियाने चाचणीबंदी कराराला दिलेली मान्यता मागे घेतली, अमेरिकेने ती कधी दिलीच नाही. संशयाचे असे प्रसंग पुढेही येतील आणि पत्रकारांचे फोन आपल्यालाच येतील. तेव्हा नुसते किलोटन सांगू नका. कोणत्या जमिनीचा स्थिरांक धरला आणि अंदाजाची वरची-खालची मर्यादा काय, हेही त्याच वाक्यात सांगा. आणि अणुऊर्जा विभागाकडे आपण सगळ्यांनी मिळून एक मागणी करू या: ११ आणि १३ मे १९९८च्या गौरीबिदनूरच्या मूळ लहरनोंदी, उपकरणांच्या अंशांकनासह, कोणत्याही विद्यापीठातल्या संशोधकाला उतरवून घेता येतील अशा खुल्या कराव्यात.