वाऱ्याचंही बोला की!

मंडळी, केर्न्सला ग्रेट बॅरियर रीफच्या सहली विकणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी इथे काढणार आहे. जाहिरातीतला समुद्र कायम आरशासारखा. प्रत्यक्षात मे ते सप्टेंबर, म्हणजे ऐन हंगामात, तिथे आग्नेयेकडून जोरदार वारे वाहतात. बाहेरच्या प्रवाळापर्यंत दीड-दोन तास बोट नुसती आपटते. हे काउंटरवरच्या लोकांना ठाऊक नसतं? तिथलं हवामान खातं वाऱ्याचा वेग रोज नॉट्समध्ये जाहीर करतं! तो आकडा तिकिटाच्या दराशेजारी लिहायला काय जातं? ज्याला झेपणार नाही तो दुसऱ्या दिवशी जाईल.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधीच पोटात जायला हवी. आमच्या बोटीवर ती पहिल्या चार पिशव्या भरल्यावर फिरवली. धन्य! नवरा दिवसभर मागचा कठडा धरून क्षितिज बघत बसला. हॉस्टेलात मॅगी खाऊन वाचवलेले पैसे होते हो ते.

"समुद्र म्हटला की लाटा आल्याच" म्हणणाऱ्यांनो, मग फोटोत का येत नाहीत त्या?

प्रवाळ सुंदर आहे, वादच नाही. पोपटमासा ते कुरतडतो त्याचा आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. हे सांगायला मी धावत वर आले, तर नवऱ्याने डोळे न उघडता हातानेच "नंतर" म्हटलं.