तुकडे मोजणारे परीक्षक

परीक्षेला बसणाऱ्या मुलांमध्ये एक अफवा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पुरवण्या जितक्या जास्त जोडाल, तितके गुण जास्त! तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, त्यामुळे मुलं पुरवणीत मोठमोठ्या अक्षरांत काय काय भरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ही अफवा निवृत्तीनंतर पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटली, तीही लेगोच्या ठोकळ्यांच्या गाड्यांमध्ये. (हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या बाईने ठोकळ्यांवर लिहू नये असा काही नियम नाही.)

ठोकळ्यांची गाडी समोर आली की माणसं दोन प्रश्न विचारतात. तुकडे किती? आणि केवढ्याला पडली? दोन्ही उत्तरं पुरेशी मोठी असली की शेरा ठरलेला, "अगदी हुबेहूब!" माझं म्हणणं असं की या दोन प्रश्नांनी गाडीची पारख होत नाही, आणि तो शेरा तर बहुतेक वेळा गाडीकडे न बघताच दिलेला असतो.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. एका मुलाने केशरी रंगाची पोर्शे ९११ जीटी३ आरएस मांडली होती. २०१६ साली आलेला हा लेगोचा संच, २७०४ तुकड्यांचा. शेजारी आमच्या मजल्यावरच्या अकरा वर्षांच्या मुलीची काळी-पिवळी टॅक्सी होती, आपली जुनी पद्मिनी. मावसभावाने दिलेल्या जुन्या डब्यातले सरमिसळ ठोकळे, फार तर दीडशे. सोबत पुस्तिका नाही, खोका नाही. परीक्षकांनी पोर्शेसमोर उभं राहून तुकड्यांचा आकडा दोनदा विचारला आणि पहिलं बक्षीस देऊन टाकलं. टॅक्सीला उत्तेजनार्थसुद्धा नाही. कारण काय, तर "चाकं मोठी आहेत आणि काचा नाहीत."

आता जरा हिशेब करू. (मराठीच्या बाई आणि हिशेब! पण हा पाचवीतला आहे.) या ठोकळ्यावरच्या एका गोल बटणापासून शेजारच्या बटणापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर असतं. ठोकळ्याची उंची ९.६ आणि चपट्या पट्टीची ३.२ मिलिमीटर. त्या मुलीची टॅक्सी आठ बटणं रुंद होती, म्हणजे ६४ मिलिमीटर. खरी पद्मिनी रुंदीला सुमारे दीड मीटर. म्हणजे मुलीच्या हातातलं एक बटण खऱ्या गाडीच्या साधारण सात इंचांएवढं झालं. दाराची मूठ, आरसा, पुसणी, सगळं सात इंचांच्या आत! मग हुबेहूब कसं करणार? अशा मापात हुबेहूब हा शब्दच निरर्थक आहे. इथे प्रश्न एवढाच उरतो की काय ठेवायचं आणि काय सोडायचं.

वृत्तात लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गण ठरलेले, अक्षरं मोजकी. मनातलं सगळं त्यात मावत नाही. जे मावतं ते नेमकं निवडावं लागतं. त्या मुलीने काय निवडलं पाहा. अंग काळं, टप पिवळं. टपावर सामानाचा कॅरिअर, तो तिने खेळण्यातल्या कुंपणाच्या तुकड्याचा केला होता. समोर डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर. आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना पद्मिनीचे ते किंचित उचललेले कल्ले, उतरत्या ठोकळ्यांचे. या टॅक्स्या मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. ज्याने त्यातून एकदा जरी प्रवास केला असेल त्याला ही गाडी दहा पावलांवरून ओळखू आली असती. चाकं मोठी होती हे खरं. त्याचे दोन गुण कापा. पण गाडी तर बघा!

आणि ज्या पोर्शेला हुबेहूब म्हटलं, तिचं काय? ती लेगोच्या टेक्निक मालिकेतली, म्हणजे यंत्ररचनेवर भर असलेली. तिच्या अंगावर जागोजागी भोकं आणि फटी दिसतात, आणि ते साहजिक आहे, कारण तिचा खरा मान पोटात आहे. स्टिअरिंगने चाकं वळतात, गिअर बदलतात, मागचं इंजिन हलतं. म्हणजे अचूकपणा दोन तऱ्हांचा असतो, रूपाचा आणि रचनेचा. परीक्षकांनी पोर्शेचं टोपण उघडूनही पाहिलं नाही, म्हणजे रचना तपासलीच नाही. गंमत अशी की खऱ्या पोर्शेला सात गिअर आहेत, या प्रतिकृतीला चार. २०१८ साली आलेल्या बुगाटी शिरोनच्या संचात उलटं आहे, खऱ्या गाडीला सात आणि खेळण्याला आठ! म्हणून त्या गाड्या वाईट ठरत नाहीत. गिअर बदलतो म्हणजे काय होतं हे त्या हाताला समजावून देतात, आणि ते मोठं काम आहे. पण निदान हुबेहूब म्हणू नका.

तुकड्यांच्या आकड्याचंही तसंच. पोर्शे अमेरिकेत ३०० डॉलरला आली, म्हणजे तुकड्याला ११ सेंट. शिरोन ३५० डॉलरला ३५९९ तुकडे, म्हणजे तुकड्याला जेमतेम १० सेंट. म्हणून शिरोन "परवडते" असं हौशी मंडळी गंभीरपणे सांगतात. पण या मोजणीत नखाएवढी काळी खुंटी एक तुकडा आणि मोठा पत्राही एकच तुकडा. अशा शेकडो खुंट्या एकेका संचात असतात. पुरवणीत मोठं अक्षर काढण्याचाच हा प्रकार! याउलट उदाहरण फोक्सवॅगन बीटलचं आहे. २००८ सालची लेगोची बीटल १६२६ तुकड्यांची, आकाराने बरीच मोठी. २०१६ सालची ११६७ तुकड्यांची, लहान. तुकडे साडेचारशेहून अधिक कमी. पण नवी बीटल बाकदार तुकड्यांमुळे कासवाच्या पाठीसारखी गोल दिसते; जुनीच्या पाठीवर पायऱ्या दिसतात. तुकडे मोजणाऱ्याला हे कधी कळणार नाही, कारण तो खोक्यावरचा आकडा वाचतो आहे.

आता पैशांविषयी. काही घरांत हे खोके उघडतच नाहीत. मॉस्कोच्या एका विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञ बाईंनी १९८७ ते २०१५ या काळातल्या बंद संचांच्या किमती तपासल्या आणि सरासरी वर्षाला ११ टक्के परतावा दिसला. झालं! तेव्हापासून खोका म्हणजे जणू मुदत ठेव. त्याच अभ्यासात संचासंचांत प्रचंड तफावत दिसली आणि काहींत चक्क तोटा झाला, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याला गुंतवणूक करायची त्याने खुशाल करावी, पैसा त्याचा आहे. पण त्या किमतीला गाडीचं मोल म्हणू नये. ती न उघडलेल्या पुठ्ठ्याची किंमत आहे. आत गाडी नाहीच, गाडीची फक्त शक्यता आहे. लेगोने जोडणीचं पेटंट १९५८ साली घेतलं आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. म्हणजे जी वस्तू साठ-पासष्ट वर्षं पुन्हापुन्हा मोडून जोडता येते, तिचं मोल आपण ती एकदाही न जोडण्यात शोधतो आहोत! आपल्याकडे तर हे आणखी महाग. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. एवढं मोजून आणलेला डबा कपाटात?

पुस्तिकेबरहुकूम जोडणाऱ्या मुलाला मी कमी लेखते असं कोणी समजू नये. २७०४ तुकडे क्रमाने, न चुकता लावणं म्हणजे चिकाटीचं काम. कित्ता गिरवल्याशिवाय अक्षर वळणदार होत नाही, हे मी जन्मभर मुलांना सांगत आले. पण कित्त्याला निबंधाचं बक्षीस कोणी देत नाही. दोघांची स्पर्धाच लावायची नव्हती.

माझ्या मते गुणपत्रिका अशी असावी. दुरून, तुकडे न मोजता, गाडी ओळखू येते का? ४० गुण. चाक, दार, टप यांचं एकमेकांशी प्रमाण जमलं आहे का? २५. काय ठेवलं, काय सोडलं, आणि मुलाला त्याचं कारण सांगता येतं का? २५. गाडी उचलली तर सुटत नाही ना, आणि गोंद न लावता, तुकडा न कापता, चित्रं चिकटवून वेळ न मारता जोडली आहे ना? १०. यात टॅक्सीला पंचाहत्तरच्या पुढे मिळतात. पोर्शेला जोडकामाचे दहा पुरे द्या. उरलेले गुण डेन्मार्कमधल्या आरेखनकारांचे, त्यांना टपालाने पाठवावेत.

हे सगळं एवढ्या तावातावाने का लिहायचं, असं कोणी म्हणेल. शेवटी खेळणंच ना? तर ऐका. निकालानंतर त्याच संध्याकाळी त्या मुलीने टॅक्सी मोडून ठोकळे डब्यात भरले. मोडायला हरकत नाही, ठोकळे त्यासाठीच असतात. पण मला म्हणाली, "बाईआजी, पुढच्या वर्षी बाबा मला मोठा खोका आणणार आहेत." परीक्षकांनी तिला जे शिकवायचं ते नीट शिकवलं होतं. मीटर डावीकडे होता की उजवीकडे, हे चार जणांना विचारत फिरलेली ही मुलगी. पुढच्या वर्षी ती कोणाला काही विचारणार नाही. पुस्तिकेत सगळं दिलेलं असेल.

बक्षीस छोटंच असतं, पण मूल त्यावरून ठरवतं की जगात कशाला किंमत आहे. म्हणून ज्यांच्यावर परीक्षक होण्याची वेळ येईल त्यांना एवढंच सांगणं, कित्ता आणि निबंध यांचे गट वेगळे ठेवा, खोका टेबलावर मांडू देऊ नका, आणि तुकडे किती हे विचारायच्या आधी मुलाला विचारा, "ही गाडी तू कुठे पाहिलीस?" पटलं तर घ्या.