आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताचा २-१ असा पराभव केला आणि २०२७ च्या सौदी अरेबियातील आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. लालियांझुआला छांगतेने चौदाव्या मिनिटाला मिळवून दिलेली आघाडी मध्यंतरापर्यंतही टिकली नाही. पाच आठवड्यांनी, १८ नोव्हेंबर रोजी ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला १-० असे हरविले. त्या देशाकडून असा पराभव पत्करण्याची वेळ भारतावर बावीस वर्षांनी आली. योगायोग असा की, त्याच दिवशी कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव या बेटाने जमैकाला त्याच्याच भूमीवर बरोबरीत रोखून २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळविला. या बेटाची लोकसंख्या जेमतेम दीड लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढी!

यानंतर जे व्हायचे तेच झाले. कोलकात्यापासून कोळिकोडपर्यंत आणि मडगावपासून कोल्हापूरच्या पेठांपर्यंत फुटबॉलप्रेमींमध्ये वादाचा धुरळा उडाला. प्रत्येक स्पर्धेच्या आधी ‘या वेळी आपल्याला संधी किती?’ हा प्रश्न आणि स्पर्धेनंतर ‘दोषी कोण?’ हा प्रश्न, हा क्रम आता ठरून गेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गट जाहीर झाले तेव्हा हाँगकाँग, सिंगापूर व बांगलादेश असे सोबती पाहून ‘गट सोपा आहे’ म्हणून आनंद व्यक्त झाला. मानांकनानुसार गटात आपण अव्वल होतो. या सोप्या गटातील पहिल्या पाच सामन्यांत आपल्याला एकही विजय मिळाला नाही. तरीही चर्चेची गाडी त्याच रुळांवरून धावते आहे. ती कोठे चुकते, हे एकदा निर्भीडपणे सांगितले पाहिजे.

अनवाणी पायांची कथा

आपल्या चर्चेचा आरंभ बहुधा गतवैभवाने होतो. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला नमवून जिंकलेली आयएफए शिल्ड, १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथा क्रमांक आणि तेथे नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेले तीन गोल, या साऱ्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. परंतु त्यासोबत एक लाडकी दंतकथाही सांगितली जाते. १९५० च्या विश्वचषकास भारत पात्र होता, पण अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून आपण गेलो नाही, असे पिढ्यान् पिढ्या ऐकविले जाते. वस्तुत: ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्याने आपल्याला ते स्थान न खेळताच मिळाले होते. आणि ते सोडण्यामागील कारणे पायांत नव्हती, ती महासंघाच्या कचेरीत होती. ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाचे मोल धुरीणांना कळले नाही, सरावाला वेळ नव्हता, संघनिवडीवरून मतभेद होते. ही दंतकथा आपल्याला प्रिय का? कारण तीत आपण गरीब पण स्वाभिमानी ठरतो आणि दोष परक्यावर जातो.

गतवैभवाचा खरा धडा वेगळाच आहे. १९५१ च्या दिल्लीतील स्पर्धेत आपण उपान्त्य सामन्यात अफगाणिस्तानला ३-० असे हरविले होते. १९६२ साली जाकार्ता येथे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमविले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे १९६३ साली निधन झाले, १९६४ च्या आशियाई चषकात आपण उपविजेते ठरलो आणि तेथून उतरण लागली. जपानने १९९३ साली व्यावसायिक लीग सुरू केली, पाच वर्षांत विश्वचषक गाठला आणि त्यानंतरचा एकही विश्वचषक चुकविला नाही. म्हणजे आपण मागे होतो आणि मागेच राहिलो, असे नाही. आपण पुढे होतो आणि थांबलो.

प्रशिक्षक बदला, नशीब बदलेल?

दुसरा पक्ष म्हणतो, प्रशिक्षक बदला. बदलले की! मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला हरविले, जूनमध्ये विश्वचषकाची पात्रता हुकली आणि इगोर स्टिमाक यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ पहिले वर्षभर एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशी दोन्ही पदे सांभाळत होते. देशाच्या संघाचे प्रशिक्षकपद हे जोडधंदा म्हणून करता येते, असे महासंघाला वाटावे, यातच सारे आले. ते गेल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नियुक्ती झाली. तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक आला. पण प्रशिक्षक निवड करतो ती उपलब्ध असलेल्यांतूनच. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याला परत बोलवावे लागले, कारण गोल करणारा दुसरा कोणी नव्हता. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? पोहरा कितीदा बदलला तरी पाणी चढणार नाही.

आड कोरडा का पडला? २०१४ साली थाटामाटात सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये आरंभी मैदानावर सहा परदेशी खेळाडूंना मुभा होती. ती पुढे चारांवर आली. संघमालक गोल करण्याचे काम स्वाभाविकपणे परदेशी खेळाडूवर सोपवितात आणि भारतीय मुलाच्या वाट्याला कडेची जागा किंवा बाकडे येते. याच काळात जुनी घरे मोडली. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद पडला, जेसीटी २०११ मध्ये. २०१६ साली महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. आपल्या मुंबईचा १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक इतिहासजमा झाला. आणि ज्या लीगसाठी हे सारे झाले, तिचीच २०२५ साली काय अवस्था झाली? पंधरा वर्षांचा व्यापारी करार डिसेंबरात संपणार हे ठाऊक असूनही पर्यायी व्यवस्था नव्हती. हंगाम लांबणीवर पडला आणि खेळाडूंना ‘आम्हाला खेळू द्या’ अशी याचना करावी लागली.

पारपत्राचा सोपा मार्ग

तिसरा पक्ष सर्वांत बोलका आहे. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंसाठी नागरिकत्वाचे नियम शिथिल करा, अशी त्याची मागणी. या पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. क्युरासावच्या संघातील बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले व घडलेले आहेत. बांगलादेशाने इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हमझा चौधरीला संघात घेतले. फातोर्ड्यावर आपल्यावर दोन्ही गोल करणारा साँग उई-यंग हा जन्माने कोरियन.

पण जरा खोलात जावे. साँग उई-यंग पारपत्र घेऊन काल उतरलेला नव्हता. तो अनेक वर्षे सिंगापुरातच राहिला, तेथेच खेळला आणि २०२१ साली त्याने त्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले. ढाक्यातील एकमेव गोल केला तो हमझाने नव्हे, बांगलादेशातच वाढलेल्या शेख मोरसालिनने. आणि आपला मार्ग तरी कोठे बंद आहे? इझुमी अराताने जपानचे नागरिकत्व सोडले, २०१२ साली तो भारतीय झाला आणि देशासाठी खेळला. २०२५ साली रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे पारपत्र सोडून भारताचे घेतले. अशांचे स्वागत दोन्ही हातांनी केले पाहिजे, कारण त्यांनी काही त्यागले आहे. ज्याला एक पारपत्र खिशात ठेवून दुसऱ्या देशाचा सदरा घालायचा आहे, त्याच्यासाठी कायदा वाकवावा काय? आमचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. नागरिकत्व ही निष्ठेची बाब आहे, संघनिवडीची सोय नव्हे. शिवाय उसन्या अकरा जणांनी एखादा चषक गाठलाच, तरी सातारा, सांगली वा शिलाँगच्या दहा वर्षांच्या मुलाच्या पायाशी चेंडू येणार आहे का?

उत्तर घरातच आहे

‘एकशे चाळीस कोटींतून अकरा जण मिळत नाहीत?’ हे वाक्य तर प्रत्येक वादात येते. खेळाडू लोकसंख्येतून निघत नाहीत, सामन्यांतून निघतात. पुरावा दूरचा नको. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत. त्या राज्याने २०१२ साली स्वत:ची लीग उभी केली, २०१४ साली संतोष करंडक जिंकला आणि २०१७ साली ऐझॉल एफसीने राष्ट्रीय लीग पटकावली. त्या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. छांगते त्याच मातीतला. बाहेरचे उदाहरण हवे असेल तर उझबेकिस्तान पाहा. २०२३ साली वीस वर्षांखालील व २०२५ साली सतरा वर्षांखालील आशियाई विजेतेपद त्याने मिळविले आणि त्याच २०२५ साली विश्वचषकातही पहिला प्रवेश केला. आधी मुले, मग संघ, हा क्रम आहे. आपल्या मुलींनी जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्याच्याच घरी २-१ असे हरवून आशियाई चषक गाठला, तोही याच महासंघाच्या छत्राखाली, पुरुषांच्या तुलनेत कितीतरी कमी कौतुकात.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे चाहत्यांविषयी. जून २०१८ मध्ये अंधेरीत भारताने तैवानच्या संघाला ५-० असे हरविले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. कर्णधार छेत्रीने हात जोडून आवाहन केल्यावर पुढील सामन्याची तिकिटे संपली. आवाहनाची गरज पडावी, हीच लाजेची गोष्ट. कोल्हापुरात विश्वचषकाच्या काळात ब्राझील व अर्जेंटिनाचे फलक चौकाचौकांत लागतात. त्याबद्दल तक्रार नाही, कारण त्याच कोल्हापूरच्या तालमींनी शाहू स्टेडियमवर पिढ्यान् पिढ्या फुटबॉल जिवंत ठेवला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळणारा अनिकेत जाधव दिला. प्रश्न इतकाच की, जी ईर्षा पेठेच्या संघासाठी उसळते, ती देशाच्या संघासाठी जाब विचारताना कोठे जाते? २०२२ च्या महासंघ निवडणुकीत बायचुंग भुतियासारख्या माजी कर्णधाराला अवघे एक मत मिळाले, विरोधात ३३. ही मते ज्या राज्य संघटना देतात, त्यांचे पदाधिकारी आपल्याच शहरांत वावरतात. त्यांना कोणी काही विचारले?

महासंघाने २०४७ पर्यंत आशियातील पहिल्या चार संघांत येण्याचा संकल्प सोडला आहे. २०४७ साली जो पंचविशीत असेल, तो मुलगा आज पाळण्यात किंवा बालवाडीत आहे. तेव्हा पुढील स्पर्धेत संधी किती, हा हिशेब काही काळ बाजूला ठेवावा. आपल्या जिल्हा संघटनेला एवढेच विचारावे की, तेरा वर्षांखालील मुलाला वर्षात किती सामने खेळायला मिळतात, गावातील मैदानावर कोणाचे बांधकाम चालू आहे आणि शाळेत खेळाचा तास खरोखर होतो का. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे. खरी राष्ट्रभक्ती नव्वद मिनिटांच्या घोषणांत संपत नाही. सामना नसलेल्या दिवशी मैदान मोकळे राहावे म्हणून जो उभा राहतो, तो संघासाठी अधिक करतो.