हिमस्खलन : इशारा कोणासाठी?

पर्वतावरून हिमराशी कोसळून माणसे दगावली, की तो निसर्गाचा कोप होता असे म्हणून आपण मोकळे होतो. या म्हणण्यात मोठी सोय आहे. कारण कोपाला जाब विचारता येत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर पसरलेल्या पर्वतरांगांचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगांना अडतात आणि एकेका वादळात काही फूट हिम साचते. तापमान गोठणबिंदूच्या आसपास घोटाळत असल्याने हे हिम जड व ओलसर असते. मध्येच हवा उबदार होऊन त्यावर पाऊसही पडतो. वाढता भार खालच्या थराला पेलेनासा झाला, की अख्खा उतार सुटतो. खंडाच्या अंतर्भागातील कोरड्या पर्वतांत दुर्बळ थर आठवडेच्या आठवडे दडून राहतात. किनारी पर्वतांत ते बहुधा काही दिवसांतच सांधले जातात. साहजिकच येथील धोका मुख्यतः वादळात आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत एकवटलेला असतो. हिम कोसळण्याच्या वाटाही बहुतांशी ठरलेल्या असतात. धोका कोठे आणि केव्हा, हे म्हणूनच पुष्कळ अंशी आधी सांगता येते.

तरीही माणसे गेली. १ मार्च १९१० रोजी वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन येथे बर्फामुळे अडकून पडलेल्या दोन आगगाड्या हिमस्खलनाने दरीत लोटल्या आणि ९६ जण मृत्युमुखी पडले. वरच्या उतारावरील झाडी वणव्यात आधीच जळून गेली होती. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी ब्रिटिश कोलंबियातील स्टुअर्टनजीक, ग्रँडक तांब्याच्या खाणीच्या छावणीवर हिम कोसळले. २६ कामगार दगावले. एक सुतार तीन दिवसांनंतर जिवंत सापडला. छावणीची जागा कामगारांनी निवडलेली नव्हती. २२ जानेवारी १९७४ रोजी त्याच प्रांतात टेरेसजवळ महामार्गालगतचे उपाहारगृह गाडले जाऊन सात जण मेले. त्यानंतर प्रांताच्या महामार्ग खात्याने हिमस्खलनासाठी कायमची यंत्रणा उभारली.

आज तेथे वादळात रस्ते बंद ठेवून साचलेले हिम स्फोटकांनी मुद्दाम पाडले जाते. २००४ साली स्थापन झालेली, आता ‘अ‍ॅव्हलांच कॅनडा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था हिवाळ्यात रोज पाच पायऱ्यांच्या श्रेणीत धोक्याचा अंदाज विनामूल्य प्रसिद्ध करते. बळी अद्यापही जातात. परंतु ते बहुतेक स्वखुशीने डोंगरावर गेलेल्या हौशी लोकांचे असतात. हा फरक महत्त्वाचा आहे. हौशी माणूस अंदाज वाचून घरी राहू शकतो. मजुराला ती मुभा नसते. त्याच्या वतीने तो अंदाज दुसऱ्या कोणी तरी वाचावा लागतो.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. हिमालय समुद्रापासून दूर आणि त्याच्या हिमाचे गुणधर्म वेगळे. पण छावणीचा प्रश्न तोच आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा येथे सीमा सडक संघटनेच्या कामावरील ५४ मजूर राहत्या कंटेनरांसह हिमाखाली सापडले. सैन्य व अन्य दलांनी शर्थ करून ४६ जणांना वाचवले. आठ जण गेले. त्या जिल्ह्यातील उंच भागासाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्या सायंकाळीच देण्यात आला होता.

म्हणजे उणीव शास्त्राची नव्हती. इशारा निघताच काम थांबवण्याचा आणि छावणी रिकामी करण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रत्येक कामाच्या ठिकाणी हिवाळ्यापूर्वीच लेखी ठरलेले असले पाहिजे. छावणीची जागा हिमतज्ज्ञांच्या संमतीविना निवडली जाऊ नये. आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी मजुराला मिळालीच पाहिजे. एरवी पोटासाठी तो धोक्याच्या जागी राहणे पत्करील आणि चौकशी समित्या त्यालाच निष्काळजी ठरवतील.