राहुटीचा प्रवास आणि खरी काटकसर

मोटारसायकलवर बसावें, रात्रीं तंबूंत निजावें आणि थोडक्या पैशांत यूरोपखंड पाहावें, असा बेत हल्लीं पुष्कळ तरुण करतात. विद्यार्जनासाठीं अगर नोकरीसाठीं त्या खंडांत गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांसहि हा मोह पडतो. ही निव्वळ चैन आहे असें म्हणणारे वडीलधारे कांहीं कमी नाहींत. आमचें मत मात्र तसें नाहीं. आल्प्सच्या घाटांत थंडीनें कुडकुडत काढलेली एक रात्र भूगोलाच्या दहा पानांहून अधिक शिकविते. तथापि अशा प्रवाशास काटकसर या शब्दाचा अर्थ नीट कळला पाहिजे. आपलें सुख कमी करणें ही काटकसर होय. आपला खर्च दुसऱ्यावर ढकलणें ही काटकसर नव्हे.

बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य अगोदर बसून खर्चाचा अंदाज करतो, हा प्रभूचा दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. तसाच हिशेब येथेंहि मांडावा. रोज २०० किलोमीटर याप्रमाणें ३० दिवसांत ६००० किलोमीटर होतात. सामानानें लादलेली गाडी एका लिटरांत २० किलोमीटर चालते असें धरल्यास ३०० लिटर पेट्रोल लागेल. हा आंकडा फारसा उतरत नाहीं. उतरण्याजोगा खर्च तो मुक्कामाचा व जेवणाचा. तंबूसाठीं भाड्यानें मिळणारी जागा खोलीपेक्षां पुष्कळ स्वस्त पडते, आणि लहानशा स्टोव्हवर वरणभात शिजविला म्हणजे उपाहारगृहाचें बिल वांचतें. रस्त्यांतहि निवड आहे. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर जाण्यास मोटारसायकलीसहि वर्षाचें ४० फ्रँकांचें पत्रक घ्यावें लागतें. एका दिवसाचें पत्रक मिळत नाहीं. ज्यास घाई नाहीं त्यानें गांवांतून जाणारे लहान रस्ते धरावे. पैसे वांचतात आणि देशहि दिसतो.

परंतु कांहीं खर्च असे आहेत कीं, त्यांत एक पैहि कमी करूं नये. हेल्मेट, टायर, ब्रेक व विमा हे ते खर्च होत. स्टेल्व्हियोचा घाट २७५७ मीटर उंच असून त्याच्या एकाच बाजूस ४८ तीव्र वळणें आहेत. तेथें झिजलेल्या टायरावर जाणारा तरुण आपल्याबरोबर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचाहि जीव पणास लावतो. भारतांतून शेंगेन व्हिसावर जाणाऱ्यास निदान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. पुष्कळांस ही केवळ सरकारी कटकट वाटते. पण विम्यावांचून हाड मोडलें तर रुग्णालयाचें बिल अखेर गांवीं आईबापांच्या शेतावर येऊन पडतें, हें त्यांनीं विसरूं नये.

तंबू कोठें ठोकावा, हाहि प्रश्न असाच आहे. नॉर्वेंत १९५७ च्या कायद्यानें पडीक रानांत तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. मात्र तो वसतीच्या घरापासून निदान १५० मीटर दूर असावा लागतो. शिवाय हा हक्क मनुष्याचा आहे, यंत्राचा नव्हे. गाडी रस्ता सोडून रानांत घालतां येत नाहीं. यूरोपांतील इतर पुष्कळ देशांत उघड्यावर मुक्काम करण्यास मनाई तरी आहे अगर मालकाची परवानगी तरी लागते. असें असतां एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यांत चोरून रात्र काढून त्याची फुशारकी मारणारे प्रवासी आढळतात. आपल्या द्राक्षबागेंत कोणी परका रात्रीं गाडी घालून सकाळीं कचरा टाकून गेला, तर आपण त्यास काटकसरी म्हणूं काय? पूर्व फ्रान्समध्यें तेझे येथें १९४० सालीं सुरू झालेला एक ख्रिस्ती बंधुसंघ आहे. तेथें हजारों तरुण तंबूंत उतरतात. पण ते प्रार्थनेंत भाग घेतात व कामासहि हातभार लावतात. स्वस्त मुक्कामाची सभ्य रीत ती हीच.

यूरोपांत सुवार्ता नेणारा प्रेषित पौल हा स्वतः राहुट्या करणारा कारागीर होता, ही गोष्ट येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. तो त्रोवसाहून समुद्रमार्गें नियापुलिसास उतरला, तेथून फिलिप्पैस व पुढें थेस्सलनीकेस गेला. नियापुलिस म्हणजे आजचें ग्रीसमधील कावाला. हा मार्ग आज मोटारसायकलवरून सुखानें क्रमितां येतो. पौलाजवळ पैसा थोडा होता, तरी आपला भार कोणावर पडूं नये म्हणून थेस्सलनीकेंत त्यानें रात्रंदिवस श्रम केले, हें त्यानेंच तेथील मंडळीस लिहिलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, असा प्रवास करण्याचा योग आपणांस आला तर तो अवश्य साधावा. गाडीवर ओझें थोडें असावें, पदरीं हिशेबाची वही असावी, आणि रोज रात्रीं त्या वहींत खर्चलेल्या पैशाखालीं आणखी एक ओळ लिहावी: आज वांचविलेला पैसा कोणाच्या वाट्याचा होता? उत्तर ‘माझ्या’ असें आलें, तर खुशाल निजावें.